समजावणारा आणि झाकणारा

२००० सालच्या अखेरीस, नवे सहस्रक उजाडण्याच्या गडबडीत, एका छोट्या नियतकालिकासाठी मी एक लेख लिहिला होता. विषय होता स्टॅनली कुब्रिक यांचा १९६८ सालचा चित्रपट, '२००१ : अ स्पेस ओडिसी'. शिक्षणाने मी वाणिज्य शाखेचा, पोटापाण्याला सहकारी बँकेतली नोकरी. सिनेमा आणि खगोलशास्त्र हे दोन्ही विषय रद्दीच्या दुकानातल्या पुस्तकांतून आणि जाणत्यांना विचारून शिकलो. अशा माणसाला एखादा अर्थ सापडला की तो चारचौघांना सांगण्याची फार घाई होते. त्या लेखात मी तीन गोष्टी ठामपणे लिहिल्या होत्या. पहिली : आदिमानवाने आकाशात भिरकावलेल्या हाडाच्या जागी जे यान दिसते, ते अण्वस्त्र वाहणारा उपग्रह आहे. दुसरी : हॅल हा संगणक अंतराळवीरांना मारतो, कारण त्याला खोटे बोलण्याचा हुकूम दिलेला असतो. तिसरी : नायक डेव्ह बोमन अज्ञातात शिरतो, तेव्हा समोर तारेच तारे असल्याचे उद्गार त्याच्या तोंडून निघतात.

पंधरा दिवसांनी एका वाचकाचे पोस्टकार्ड आले. मजकूर तीन ओळींचा. लेख आवडला, पण या तिन्ही गोष्टी चित्रपटात नेमक्या कुठे आहेत ते कळवावे, अशी विनंती होती.

मी चित्रपटाची सीडी मिळवली आणि वही घेऊन बसलो. पहिली गोष्ट चित्रपटात कोणी सांगत नाही. दुसरीची एक पुसट खूण आहे. तिसरीचा तर पत्ताच नाही. मग मी त्या पाहिल्या कुठे होत्या? थोडी शोधाशोध केल्यावर उलगडा झाला. काही भाग आर्थर सी. क्लार्क यांच्या कादंबरीतून आला होता आणि बराचसा १९८४ साली निघालेल्या '२०१० : द इयर वी मेक कॉन्टॅक्ट' या उत्तरभागातून. उत्तरभाग मी आधी पाहिला होता, व्हिडिओ लायब्ररीतून आणलेल्या कॅसेटवर. तो मला पूर्ण समजला होता. मूळ चित्रपट नंतर पाहिला, तो अजिबात समजला नाही. म्हणून मी उत्तरभागाची किल्ली मूळ चित्रपटाच्या कुलपाला लावून मोकळा झालो होतो.

मूळ चित्रपट उत्तरभागापेक्षा कितीतरी मोठा आहे, याबद्दल जाणकारांत फारसा वाद नाही. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश नियतकालिकाने २०२२ साली जगभरच्या दिग्दर्शकांचा कौल घेतला, तेव्हा '२००१' पहिल्या क्रमांकावर आला. '२०१०'चे नाव अशा यादीत कोणी शोधतही नाही. प्रश्न असा की, असे का व्हावे? दोन्हींच्या मुळाशी क्लार्क यांचीच कल्पना आहे. दुसऱ्याच्या हाती पैसा होता, अधिक प्रगत तंत्र होते आणि गुरू ग्रहाची खरी छायाचित्रेही होती. माझ्या लेखातल्या तीन चुका तपासत गेलो, तसे या प्रश्नाचे उत्तर हाती लागत गेले.

दोन माणसे

क्लार्क यांनी १९४८ साली बीबीसीच्या एका कथास्पर्धेसाठी 'द सेंटिनेल' नावाची कथा लिहिली. तिला बक्षीस मिळाले नाही. ती १९५१ साली छापली गेली. चंद्रावर परग्रहवासीयांनी ठेवलेली एक वस्तू माणसाला सापडते, एवढाच तिचा गाभा. मार्च १९६४ मध्ये कुब्रिक यांनी क्लार्क यांना पत्र लिहिले आणि पुढच्याच महिन्यात दोघे न्यूयॉर्कमध्ये भेटले. क्लार्क तेव्हा सिलोनमध्ये स्थायिक झाले होते, कुब्रिक यांचा 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' नुकताच गाजत होता. कादंबरी आणि पटकथा दोन्ही बरोबरीने लिहायच्या, असे ठरले.

दोघांचे स्वभाव वेगळे. क्लार्क मुळात समजावणारे. दळणवळणाच्या उपग्रहांची कल्पना त्यांनी १९४५ साली एका तांत्रिक नियतकालिकात सविस्तर मांडली होती. विज्ञान सोपे करून सांगणे हा त्यांच्या लेखणीचा धर्म होता. कुब्रिक यांचा कल झाकण्याकडे. चित्रपट हा शब्दांविना पोचणारा अनुभव असावा, असे ते पुढे मुलाखतींत सांगत राहिले.

चित्रीकरण २९ डिसेंबर १९६५ रोजी इंग्लंडमध्ये शेपर्टन स्टुडिओत सुरू झाले आणि पुढे बोरहॅमवुडला हलले. यानाच्या आतला फिरता भाग दाखवण्यासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचे, ३० टन वजनाचे अजस्र चाक बांधले गेले. 'नासा'साठी काम केलेले फ्रेडरिक ऑर्डवे आणि हॅरी लांगे सल्लागार होते. म्हणजे तयारी सगळी समजावणाऱ्या चित्रपटाचीच होती. सुरुवातीला शास्त्रज्ञांच्या मुलाखती दाखवायचे ठरले होते. फ्रीमन डायसन, मार्गारेट मीड, ओपारिन अशा नामवंतांच्या मुलाखती चित्रितही झाल्या. क्लार्क यांनी निवेदन लिहिले होते. संगीतकार अ‍ॅलेक्स नॉर्थ यांनी पार्श्वसंगीत रचून ध्वनिमुद्रित केले होते.

कुब्रिक यांनी हे सगळे काढून टाकले. मुलाखती गेल्या, निवेदन गेले. नॉर्थ यांचे संगीतही गेले आणि त्या जागी योहान श्ट्राउसचे वॉल्ट्झ, रिचर्ड श्ट्राउस आणि लिगेती यांच्या रचना आल्या. बिचाऱ्या नॉर्थ यांना हे कळले ते चित्रपट पाहायला बसल्यावर. २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टनमध्ये पहिला खेळ झाला. त्यानंतरही कुब्रिक यांनी सुमारे १९ मिनिटे कापली. उरलेल्या सुमारे १४२ मिनिटांत संवाद आहेत ते जेमतेम ४० मिनिटे. पहिला शब्द ऐकू येईपर्यंत जवळपास २५ मिनिटे जातात.

या काटछाटीला लहर म्हणून सोडून देता येत नाही. कारण जे कापले ते आधी भक्कमपणे तयार केले होते. चित्रपट पाहताना आपल्याला जाणवते की, या प्रत्येक वस्तूमागे कोणीतरी पुरता विचार केलेला आहे. फक्त तो आपल्याला सांगितला जात नाही. न सांगण्याला वजन येते ते यामुळे. विचारच नसता, तर तेच मौन पोकळ वाटले असते.

पहिली चूक : हाड आणि उपग्रह

आदिमानवाला हाडाचे हत्यार करता येते हे उमगते. शिकार होते, मग दुसऱ्या टोळीतल्या एकाचा जीव जातो. हाड आकाशात भिरकावले जाते आणि पुढच्या क्षणी पडद्यावर अवकाशात तरंगणारे यान असते. चित्रपटाच्या इतिहासातला हा सर्वांत प्रसिद्ध काट असावा.

मूळ आराखड्यात ही याने म्हणजे पृथ्वीभोवती फिरणारे अणुबाँब होते आणि निवेदक ते सांगणार होता. शेवटी परतलेले ताराबालक ते बाँब अवकाशातच उडवून देते, असाही शेवट ठरला होता. क्लार्क यांच्या कादंबरीत तो आहे. मात्र १९६७ साली अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटन यांनी बाह्य अवकाश करारावर सह्या केल्या. कक्षेत अण्वस्त्रे ठेवायला त्याने बंदी घातली. शिवाय 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'चा शेवटही अणुस्फोटांनीच झाला होता. कुब्रिक यांनी बाँबचा उल्लेखच गाळला. उपग्रहांवर निरनिराळ्या देशांची चिन्हे तेवढी राहिली.

परिणाम काय झाला? निवेदकाने 'हे बाँब आहेत' असे सांगितले असते, तर दृश्याचा अर्थ एकच झाला असता : हत्यारापासून हत्यारापर्यंत. आता प्रेक्षक दोन टोकांच्या मध्ये उभा राहतो. हाडातून हत्यार निघाले की अवजार? माणूस लाखो वर्षांत पुढे आला की होता तिथेच आहे? आणि लगेच वॉल्ट्झ सुरू होते, त्यामुळे मन आणखीच गोंधळते.

हेच शीतयुद्ध '२०१०'मध्ये कसे येते, ते पाहण्यासारखे आहे. मध्य अमेरिकेवरून अमेरिका आणि सोव्हिएत संघ युद्धाच्या कडेला आले आहेत. सोव्हिएत यान 'लिओनोव्ह'मधून दोन्ही देशांचे लोक गुरूकडे निघाले आहेत, आणि पृथ्वीवरून येणाऱ्या बातम्यांनी त्यांच्यातले संबंध ताणले जातात. सगळे मोठ्याने बोलले जाते. मूळ चित्रपटातही रशियन शास्त्रज्ञ आहेत. अंतराळस्थानकाच्या बैठकीत ते डॉ. फ्लॉइडशी अगदी सभ्यपणे गप्पा मारतात, चंद्रावरच्या तळावर साथ पसरली आहे का असे विचारतात, आणि फ्लॉइड सफाईने उत्तर टाळतो. त्या चार मिनिटांत दोन महासत्तांमधला अविश्वास जितका दिसतो, तितका उत्तरभागातल्या धमक्यांमधून दिसत नाही.

दुसरी चूक : हॅलचे कारण

हॅल ९००० हा 'डिस्कव्हरी' यानाचा मेंदू. तो कधी चुकत नाही, अशी त्याची ख्याती. तरी तो एका सुट्या भागात बिघाड असल्याचे सांगतो, बिघाड सापडत नाही, आणि पाहता पाहता एक सोडून सगळे अंतराळवीर मरतात. का?

'२०१०'मध्ये हॅलचे निर्माते डॉ. चंद्रा याचे उत्तर देतात. मोहिमेचा खरा हेतू बोमन आणि पूल यांच्यापासून लपवण्याचा आदेश हॅलला दिला होता. माहिती अचूक सांगण्यासाठीच घडवलेल्या यंत्राला खोटे बोलायला लावले गेले आणि त्याचा तोल गेला. कारण सुसंगत आहे. पटतेही. मला तर ते इतके पटले की, पहिल्या चित्रपटात ते प्रत्यक्ष पाहिल्याचेच मी लिहून बसलो.

पहिल्या चित्रपटात काय आहे? बिघाडाची सूचना देण्याच्या अगदी आधी हॅल बोमनशी बोलत असतो. या मोहिमेबद्दल तुझ्या मनात काही शंका आहेत का, चंद्रावर काहीतरी सापडल्याच्या अफवा विचित्र वाटत नाहीत का, असे काहीसे तो आडून विचारतो. बोमनला वाटते, हा माझ्या मानसिक अवस्थेचा अहवाल तयार करतो आहे. हॅल ते मान्य करतो आणि त्याच दमात थांबून बिघाड जाहीर करतो. पुढे हॅल बंद पडल्यावर फ्लॉइडची ध्वनिचित्रफीत आपोआप सुरू होते आणि मोहिमेचा हेतू फक्त हॅलला ठाऊक होता हे कळते. एवढ्या दोन खुणा. त्या जोडल्या तर चंद्रांचे उत्तर निघू शकते. इतरही उत्तरे निघतात : हॅलला भीती वाटली असेल, तो गर्विष्ठ असेल, किंवा बोमनशी बोलून मन मोकळे करावे असे त्याला वाटले असेल आणि समोरच्याला ते कळलेच नसेल.

हे शेवटचे उत्तर मला आता सर्वांत अस्वस्थ करते. बोमन एकेक पट्टी काढत जातो, हॅल आपल्याला भीती वाटत असल्याचे सांगतो, त्याचा आवाज जड होत जातो आणि तो लहानपणी शिकवलेले गाणे म्हणू लागतो. तेव्हा आपण खुन्याला शिक्षा होताना पाहतो आहोत, की ज्याचे कोणी ऐकले नाही अशा कुणाचा शेवट पाहतो आहोत, हे ठरवता येत नाही. '२०१०' हे ठरवून टाकते : हॅल निर्दोष होता, चूक वरच्या अधिकाऱ्यांची. बँकेत तीस वर्षे काढलेल्या माणसाला असा निकाल आवडतो. चौकशी पूर्ण, जबाबदारी निश्चित, प्रकरण बंद. पण बंद झालेली फाइल पुन्हा कोण उघडतो?

जाता जाता एक नोंद. क्लार्क यांच्या '२०१०' कादंबरीत हे डॉ. चंद्रा भारतीय वंशाचे आहेत, आणि त्यांचे पूर्ण नाव चांगलेच लांबलचक दाक्षिणात्य आहे. चित्रपटात ती भूमिका बॉब बॅलबन या अमेरिकी नटाने केली. सगळे समजावू पाहणाऱ्या चित्रपटाने नेमकी ही एक गोष्ट मात्र न बोलता पुसून टाकली.

तिसरी चूक : बोमनचे उद्गार

तारकांबद्दलचे ते प्रसिद्ध उद्गार १९६८च्या चित्रपटात नाहीत. ते कादंबरीत आहेत. '२०१०' चित्रपटाची सुरुवात आधीच्या मोहिमेच्या अहवालाने होते : स्थिरचित्रे आणि खाली मजकूर. तिथे बोमनचा अखेरचा संदेश म्हणून ते उद्गार येतात. उत्तरभागाने मूळ चित्रपटाची आठवणच बदलून टाकली. माझी बदलली तशी इतर अनेकांचीही बदलली असणार.

मूळ चित्रपटात त्या क्षणी बोमन काहीच बोलत नाही. रंगांचे बोगदे, हेल्मेटमधला त्याचा गोठलेला चेहरा, मग ती विचित्र पांढरी खोली, त्याचे म्हातारे होत जाणे, काळी शिळा आणि बालक. शेवटच्या वीसएक मिनिटांत शब्द नाही. त्या खोलीत तो कोणाचा पाहुणा आहे, हे कादंबरीत आहे; चित्रपटात नाही. संपूर्ण समजल्याचे कोणी म्हणाले तर आमचा हेतू फसला, अशा अर्थाचे क्लार्क तेव्हा बोलले होते. त्याच क्लार्क यांनी १९८२ साली 'उत्तरे' देणारी कादंबरी लिहिली.

आणि यात त्यांचा दोष काय? समजावणारा माणूस समजावणारच. पहिल्या वेळी समोर कुब्रिक होते. क्लार्क लिहीत गेले आणि कुब्रिक झाकत गेले. दुसऱ्या वेळी दिग्दर्शक पीटर हाइम्स. त्यांनीच पटकथा लिहिली, छायालेखनही केले. क्लार्क यांच्याबद्दल त्यांच्या मनात आदर होता. कॅलिफोर्निया आणि श्रीलंका यांच्या दरम्यान संगणक आणि मोडेम वापरून दोघांचा रोज पत्रव्यवहार चाले. त्या काळी ही नवलाईच होती. कुब्रिक यांची परवानगीही हाइम्स यांनी घेतली. कुब्रिक यांनी आडकाठी केली नाही, पण ते लांब राहिले. आधीच्या चित्रपटाची मॉडेल्स त्यांनी मोडून टाकायला लावली होती, म्हणून 'डिस्कव्हरी' यान जुन्या चित्रपटाच्या चौकटींवरून मापे काढून नव्याने बांधावे लागले. यान तंतोतंत उभे राहिले. दोघांमधला तो झगडा मात्र कोणत्याही चौकटीवरून मोजून काढता येण्यासारखा नव्हता.

'२०१०'मध्ये एक गंमत आहे. 'टाइम' नियतकालिकाच्या एका अंकाच्या मुखपृष्ठावर दोन महासत्तांचे नेते समोरासमोर दाखवले आहेत. अमेरिकी अध्यक्षाचा चेहरा क्लार्क यांचा आहे आणि सोव्हिएत नेत्याचा कुब्रिक यांचा. विनोद म्हणून टाकलेली ही वस्तू मला संपूर्ण चित्रपटातले सर्वांत खरे विधान वाटते. मूळ चित्रपट या दोघांच्या समोरासमोर उभे राहण्यातून जन्मला होता.

उत्तरभागाच्या बाजूने

'२०१०' वाईट चित्रपट नाही, हे इथे सांगितले पाहिजे. त्याला ऑस्करची पाच नामांकने होती. १९७९ साली व्हॉयेजर याने गुरूजवळून गेली. आयोवरचे ज्वालामुखी आणि युरोपाचे बर्फाळ कवच जगाने पाहिले. ते ज्ञान चित्रपटात प्रामाणिकपणे उतरले आहे : टाकून दिलेले 'डिस्कव्हरी' आयोच्या गंधकाने पिवळे पडलेले दिसते. गुरूचे ढग व्हॉयेजरच्या छायाचित्रांवरून क्रे महासंगणकाने साकारले होते. शीतयुद्ध पुन्हा तापले असताना अमेरिकी आणि रशियन माणसांना एकमेकांच्या मदतीने जगताना दाखवणे, यालाही धाडस लागते. क्लार्क यांनी तर कादंबरीतल्या रशियन अंतराळवीरांना सोव्हिएत बंडखोरांची आडनावे दिली होती. ते लक्षात आल्यावर मॉस्कोतल्या नियतकालिकात क्रमशः छापली जाणारी कादंबरी थांबवण्यात आली.

पण उत्तरांचे एक दुखणे असते. ती त्या त्या काळाची असतात. सोव्हिएत संघ १९९१ साली विसर्जित झाला आणि '२०१०'चा ताणच ओसरला. व्हॉयेजरनंतर गॅलिलिओ आणि जुनो ही याने गुरूपर्यंत पोचली. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'युरोपा क्लिपर' निघाले आहे. प्रत्येक यानागणिक १९८४ची उत्तरे जुनी होत जातील. '२००१'मधलेही बरेच चुकले. त्यातला चंद्र फार टोकदार आहे, त्यातली विमान कंपनी १९९१ साली बुडाली, आणि २००१ साल येऊन गेले तरी आपण गुरूकडे माणूस पाठवलेला नाही. तरी त्याला धक्का लागत नाही, कारण तो भविष्य सांगत नव्हता. आपल्याहून मोठे काही समोर आले तर माणूस काय करील, असे तो विचारत होता. ते अजून समोर आलेले नाही.

त्या पोस्टकार्डाला मी तेव्हा उत्तर पाठवले नाही. चूक कबूल करणे जड गेले, आणि नेमके काय लिहावे हेही कळत नव्हते. कार्ड अजून त्या वहीत आहे. आता लिहायचे तर एवढेच लिहीन : आपण विचारलेल्या तिन्ही गोष्टी चित्रपटात नाहीत. त्या कोणीतरी लिहिल्या होत्या आणि कोणीतरी समजून-उमजून काढून टाकल्या होत्या. मी त्या परत आत घातल्या, आणि त्याला मी रसग्रहण समजत होतो.